दातांचा हिशेब चोख, श्रेयाचा कच्चा!

'डायनोसॉर' हा शब्द ज्याने जगाला दिला, त्यानेच सस्तन प्राण्यांच्या दातांचं गणितही शिस्तीत बसवलं. अफाट हुशार, अफाट कष्टाळू आणि दुसऱ्याला श्रेय देताना तितकाच कंजूस. सर रिचर्ड ओवेनची ही गोष्ट बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही.

एक काम करा. जीभ वरच्या दातांवरून हळूहळू फिरवा. अगदी मधून सुरुवात करा आणि उजवीकडे जा. आधी दोन पटाशीचे दात लागतील, मग एक टोकदार सुळा, मग दोन उपदाढा आणि शेवटी दाढा. अक्कलदाढ आली असेल तर दाढा तीन, नाहीतर दोन. आता हेच आकड्यांत लिहा : २.१.२.३. खालच्या जबड्यातही तेच. म्हणजे एका बाजूला वर आठ, खाली आठ. दोन्ही बाजू धरल्या की बत्तीस. झालं तुमचं दंतसूत्र!

नीटची तयारी केलेल्यांना हे सूत्र झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. कॉमर्स आणि आर्ट्सवाल्यांनीही घाबरायचं कारण नाही, यात एवढंच आहे. अर्धं तोंड मोजायचं, वरच्या जबड्याचे आकडे वर, खालच्याचे खाली आणि शेवटी दुप्पट करायची. क्रम कायम एकच : पटाशीचे, सुळे, उपदाढा, दाढा. जो प्रकार नाही, तिथे शून्य.

पण हे चार आकडे दिसतात तितके साधे नाहीत. घरातल्या मांजराला ३० दात, कुत्र्याला ४२, उंदराला फक्त १६. आणि गाईला किती? बत्तीस! आपल्याइतकेच. मग गाय आणि माणूस सारखे का? अजिबात नाही. गाईच्या वरच्या जबड्यात पुढे एकही दात नसतो, नुसती कडक गादी असते. तिचं सूत्र वर ०.०.३.३ आणि खाली ३.१.३.३. बेरीज तीच, गोष्ट वेगळी. म्हणजे दात नुसते मोजून भागत नाही. कुठला दात कुठला, हे ओळखावं लागतं. आणि खरी गोची तिथेच आहे.

आता आपल्या भाषेतच बघा. आपण सर्रास 'हत्तीचे सुळे' म्हणतो. प्राणिशास्त्र सांगतं की ते सुळे नाहीतच, ते वरच्या जबड्यातले भलतेच वाढलेले पटाशीचे दात आहेत. वॉलरसचे मात्र खरोखरचे सुळे. दिसायला दोन्ही लांब, पांढरे, बाहेर आलेले. मग हे ठरवलं कोणी आणि कशावरून? त्या उत्तरात ज्यांची नावं येतात, त्यांत सर्वांत ठळक नाव ओवेनचं.

जळालेल्या कागदांतून सुरुवात

रिचर्ड ओवेनचा जन्म २० जुलै १८०४चा, इंग्लंडमधल्या लँकेस्टर गावातला. वडील व्यापारी. रिचर्ड पाच वर्षांचा असताना ते गेले आणि घर आईने सांभाळलं. सोळाव्या वर्षी तो गावातल्या एका डॉक्टरकडे उमेदवारी करायला लागला. तेव्हा डॉक्टर व्हायचा रस्ता असाच होता. गावच्या तुरुंगात मेलेल्या कैद्यांची शवविच्छेदनं व्हायची, तिथे हा पोरगा हजर. भीती वाटायच्या वयात त्याला शरीराच्या आत काय असतं याचं वेड लागलं. १८२४मध्ये तो एडिंबरोला वैद्यकीय शिक्षणासाठी गेला, तिथून लंडनला आला आणि १८२६मध्ये रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचा सदस्य झाला. आता दवाखाना थाटायचा, पेशंट बघायचे, असा सरळ मार्ग समोर होता.

पण १८२७मध्ये त्याला कॉलेजच्या संग्रहालयात मदतनिसाची नोकरी मिळाली. आजच्या भाषेत म्हणाल तर ज्युनियर पोस्ट. काम काय? जॉन हंटर नावाच्या थोर शल्यविशारदाने आयुष्यभर जमवलेल्या सुमारे १३ हजार नमुन्यांची सूची करायची. बरण्यांत ठेवलेले अवयव, हाडं, कवट्या आणि दात.

हंटर १७९३मध्येच वारला होता. त्याच्या नोंदी हाताशी असत्या तर हे काम वर्षा-दोन वर्षांचं. पण त्या नोंदी उरल्याच नव्हत्या. हंटरचा मेहुणा एव्हरार्ड होम हाही बडा सर्जन. तो हंटरची हस्तलिखितं स्वतःकडे घेऊन गेला, त्यांतलं संशोधन स्वतःच्या नावाने छापत राहिला आणि १८२३मध्ये त्याने ती चक्क जाळून टाकली. संग्रहालयाचा प्रमुख विल्यम क्लिफ्ट हा हंटरचा शेवटचा सहायक. त्याने तरुणपणी काही भाग हाताने उतरवून ठेवला होता, तेवढाच वाचला.

म्हणजे ओवेनपुढे हजारो बरण्या आणि त्यांत कोणत्या प्राण्याचा कोणता अवयव आहे, हे सांगणारा कागद नाही. मग त्याने काय केलं? ताजे प्राणी मिळवायचे, फाडायचे आणि बरणीतल्या तुकड्याशी ताडून बघायचे. लंडनचं प्राणिसंग्रहालय १८२८मध्ये सुरू झालं होतं. तिथे एखादा प्राणी मेला की ओवेनकडे निरोप यायचा. असं करता करता तो युरोपातल्या सर्वांत अनुभवी शरीररचनातज्ज्ञांपैकी एक झाला. दुसऱ्याने केलेल्या चोरीमुळे आपल्या वाट्याला काय येतं, हे त्याने नोकरीच्या पहिल्या दिवसापासून भोगलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

याच काळात क्लिफ्टच्या मुलीशी, कॅरोलाइनशी त्याचं जमलं. पण कमाई तुटपुंजी. साखरपुडा १८२७चा आणि लग्न १८३५मध्ये! तब्बल आठ वर्षं थांबली बिचारी. त्यानंतर तिच्या वाट्याला जे आलं ते ऐका. एकदा घरी आली तर दारातच मेलेला गेंडा. दुसऱ्या वेळी हत्तीचे अवशेष घरात आले, तेव्हा दुर्गंधी हटावी म्हणून तिने नवऱ्याला घरभर सिगार ओढत फिरायला लावलं. तिने हे सगळं डायरीत लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळतं. भाषा शिकलेली, चित्रकलेत तयार असलेली ही बाई नवऱ्याच्या कामातही हात लावायची.

दाताच्या पोटात शिरलेला माणूस

दातांचा अभ्यास ओवेनच्या आधीही होता. स्वीडनच्या लिनियसने सस्तन प्राण्यांची वर्गवारी करताना दातांचा आधार घेतला होता. फ्रान्सच्या जॉर्ज क्युव्हिएने हत्ती, मॅमथ आणि मॅस्टोडॉन वेगळे आहेत, हे दाढांवरून दाखवलं होतं. त्याचा भाऊ फ्रेडरिक याने १८२५मध्ये सस्तन प्राण्यांच्या दातांवर अख्खं पुस्तक काढलं होतं. ओवेन १८३१मध्ये पॅरिसला जाऊन क्युव्हिएचं काम स्वतः बघून आला.

मग ओवेनने नवीन काय केलं? एक म्हणजे तो दाताच्या आत शिरला. दाताचे अतिशय पातळ काप करायचे, इतके की उजेड आरपार जाईल आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. या पद्धतीने त्याने मासे, सरीसृप, सस्तन अशा शेकडो प्राण्यांचे दात तपासले. एका जुन्या उभयचराच्या दाताचा काप त्याने पाहिला तर आत दंतिनाच्या घड्यांचा असा गुंता की भुलभुलैयाच. त्या प्राण्याचं नावच त्याने ठेवलं लॅबिरिंथोडॉन, भुलभुलैया-दात्या. हे सगळं काम १८४० ते १८४५ या काळात 'ओडोन्टोग्राफी' या ग्रंथात आलं. एक भाग मजकुराचा, एक भाग चित्रांचा.

दुसरं काम त्याहून मोठं. ओवेनला प्रश्न पडला : कुत्र्याची एखादी दाढ आणि माणसाची एखादी दाढ, या दोन्ही 'एकच दात' आहेत असं म्हणायचं कशावरून? आकारावरून? आकार तर खाण्याप्रमाणे बदलतो. वाघाची दाढ कात्रीसारखी, गाईची जात्यासारखी. मग आकार सोडा, जागा बघा आणि जन्म बघा.

हा जन्माचा भाग मस्त आहे. लहानपणी आपल्याला २० दुधाचे दात येतात. ते पडतात आणि त्यांच्या जागी पक्के येतात. आता नीट बघा. दुधाच्या दाढा पडतात, त्यांच्या जागी खालून जे पक्के दात येतात, त्या उपदाढा. आणि ज्या मागे थेट उगवतात, ज्यांच्या आधी त्या जागी दुधाचा दात नव्हताच, त्या खऱ्या दाढा. म्हणजे उपदाढ आणि दाढ यांतला फरक आकाराचा नाही, वारसाहक्काचा आहे! एकीला जागा कुणाकडून तरी मिळाली, दुसरीने स्वतः घर बांधलं. उपदाढेसाठीचा 'प्रीमोलर' हा शब्द ओवेननेच रुळवला.

हा नियम हातात आला आणि कोडी सुटायला लागली. ओवेनने मांडलं की वार असलेल्या सस्तन प्राण्यांच्या दातांचा मूळ साचा ३.१.४.३ असा आहे. वर-खाली, दोन्ही बाजू मिळून ४४ दात. डुकराच्या तोंडात हा साचा आजही पुराच्या पुरा दिसतो. बाकीच्या बहुतेकांनी त्यातले काही दात गाळले. मांजराने दाढा गाळल्या, कारण तिला चावत बसायचं नाही, कापायचं आहे. गाईने वरचे पुढचे दात गाळले. आणि गाईच्या खालच्या ओळीत समोर जे आठ सारखे दिसणारे दात असतात ना, त्यातला दोन्ही बाजूंचा शेवटचा दात हा वेषांतर केलेला सुळा आहे! आपणही गाळले. आपल्या एका बाजूला पटाशीचे तीनाऐवजी दोन, उपदाढा चाराऐवजी दोन. म्हणून तर आजही प्राणिशास्त्रज्ञ माणसाच्या उपदाढांना पहिली आणि दुसरी न म्हणता तिसरी आणि चौथी म्हणतात. गेलेल्यांची जागा राखून ठेवायची. वर्गात रोल नंबर दोनवाला शाळा सोडून गेला तरी तीनवाला तीनच राहतो, तसं.

दुधाचे दात कधी पडले, पक्के कधी आले, यावर आपल्याकडचे शेतकरीही हिशेब ठेवत आलेत. बैलगाडा शर्यतीच्या पत्रिकेवर आदत, दुसा, चौसा असे गट वाचलेत? आदत म्हणजे अजून पुढचे दुधाचे दात शाबूत. दुसा म्हणजे पक्के दोन आलेले, चौसा म्हणजे चार. ओवेनने जी गोष्ट संपूर्ण प्राणिजगतासाठी मांडली, तिचं एक टोक आपल्या बैलबाजारात रोज वापरात आहे.

एका दातावरून अख्खा प्राणी

ओवेनची गंमत अशी की नाव ठेवतानाही त्याला दातच दिसायचे. चार्ल्स डार्विन 'बीगल' जहाजाच्या सफरीवरून १८३६मध्ये परतला, तेव्हा त्याच्याकडे दक्षिण अमेरिकेतली जीवाश्म हाडं होती. भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायलच्या घरी दोघांची भेट झाली आणि हाडं ओवेनकडे गेली. त्यांत एक मोठी कवटी होती. तिचे दात धनुष्यासारखे वाकलेले. ओवेनने नाव ठेवलं टॉक्सोडॉन, म्हणजेच धनुष्य-दात्या. दात उंदरासारखे सतत वाढणारे, पण प्राणी गेंड्याएवढा! ओवेन आणि डार्विन दोघंही चक्रावले. या प्राण्याचं नातं नक्की कुणाशी, हे कोडं २०१५पर्यंत टिकलं. हाडांतल्या प्रथिनांच्या तपासणीतून तेव्हा कळलं, घोडे आणि गेंड्यांच्या कुळाशी.

सर्वांत भारी किस्सा ऑस्ट्रेलियाचा. १८५९मध्ये ओवेनने एका नामशेष प्राण्याचं वर्णन केलं, थायलाकोलिओ. अर्थ, पिशवीवाला सिंह. कांगारूसारखा पिल्लू पिशवीत ठेवणारा, पण ओवेनच्या मते भयंकर शिकारी. इतर तज्ज्ञ हसले. कारण याचे सुळे अगदीच किरकोळ, पुढचे पटाशीचे दात मोठे आणि जवळचे नातेवाईक सगळे पालेभाजीवाले. विल्यम फ्लॉवरसारख्या तोलामोलाच्या शास्त्रज्ञानेही तो शाकाहारी असल्याचं मांडलं. ओवेन मात्र हटला नाही. त्याचं लक्ष होतं त्या लांबलचक, सुरीच्या पात्यासारख्या उपदाढेवर. सुळ्यांचं काम पटाशीच्या दातांनी घेतलं, कापायचं काम उपदाढेने, असं त्याचं म्हणणं. आज शास्त्रज्ञांनी ओवेनला पास केलंय. थायलाकोलिओ मांसाहारीच होता आणि शरीराच्या मानाने त्याचा चावा सस्तन प्राण्यांमधल्या सर्वांत जबरदस्त चाव्यांपैकी एक होता.

अर्थात दरवेळी ओवेनचंच पुढे गेलं असं नाही. दुधाच्या दातांचा नियम पिशवीवाल्या प्राण्यांना जसाच्या तसा लागू होत नाही, हे दाखवलं याच फ्लॉवरने. त्यांच्यात जबड्याच्या प्रत्येक बाजूला एकच दात बदलतो, हे त्याने १८६७मध्ये मांडलं. दातांचं शास्त्र एकट्याने पुरं होत नाही, ते असं.

आणि मुंबईकरांनो, तुमच्यासाठी एक खास. वरळीच्या टेकडीतल्या खडकात सापडलेल्या चिमुकल्या जीवाश्म बेडकांचं वर्णन १८४७मध्ये याच ओवेनने केलं होतं. आज तो बेडूक इंडोबॅट्रॅकस पुसिलस या नावाने ओळखला जातो. सी-लिंकवरून जाताना आठवा.

श्रेय कुणाचं?

इथवर वाचून तुम्ही ओवेनचे फॅन झाला असाल. आता दुसरी बाजू.

१८३५. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात जेम्स पॅजेट नावाचा २१ वर्षांचा विद्यार्थी विच्छेदन करत होता. पहिल्याच वर्षाला. प्रेताच्या स्नायूंत बारीक पांढरे, कडक ठिपके होते. बाकीच्यांनी दुर्लक्ष केलं, कारण असे ठिपके अधूनमधून दिसायचेच. पॅजेटने मात्र भिंगातून पाहिलं. रुग्णालयात धड सूक्ष्मदर्शक नव्हता म्हणून ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊनच्या यंत्रातून पाहिलं. प्रत्येक ठिपक्यात एक गुंडाळलेला जंत! विद्यार्थ्यांच्या मंडळात त्याने हे वाचूनही दाखवलं. त्याच स्नायूचा नमुना ओवेनकडेही पोचला. त्याच महिन्यात ओवेनने झूलॉजिकल सोसायटीपुढे निबंध वाचला, जंताला नाव दिलं आणि शोध ओवेनच्या नावावर गाजला. पॅजेट पुढे स्वतः नामांकित सर्जन झाला, सर झाला, म्हणून त्याची बाजू जगाला कळली. नसता झाला तर?

ग्रुप प्रोजेक्ट केलेल्या प्रत्येकाला ही जागा दुखते, हो ना? रात्र रात्र जागून स्लाइड्स तुम्ही करायच्या आणि प्रेझेंटेशनला पुढे उभं राहायचं दुसऱ्याने. विद्यार्थ्याचं आणि ज्युनियरचं काम वरच्याच्या नावाखाली झाकलं जाणं, ही गोष्ट तेव्हाची आहे तशी आजचीही आहे.

गिडियन मँटेलचं प्रकरण याहून कडू. मँटेल हा गावातला डॉक्टर, फावल्या वेळात जीवाश्म शोधणारा. एका अनोळखी दातावरून त्याने इग्वानोडॉन ओळखला. सुरुवातीला दस्तुरखुद्द क्युव्हिएला तो गेंड्याचा दात वाटला होता, मँटेलने मात्र त्याचं इग्वाना सरड्याच्या दाताशी साम्य जुळवलं आणि १८२५मध्ये नाव जाहीर केलं. पुढे १८४२मध्ये ओवेनने तीन प्राचीन प्राणी एकत्र करून 'डायनोसॉरिया' हा गट केला. त्या तीनपैकी दोन मँटेलने शोधलेले. कल्पना ओवेनची होती आणि ती झकास होती, यात वाद नाही. पण मँटेलचं काम तो वारंवार कमी लेखत राहिला. १८४१मध्ये घोडागाडीच्या अपघातात मँटेलचा कणा दुखावला, तो उरलेलं आयुष्य वेदनेत काढून १८५२मध्ये गेला. त्यानंतर एक निनावी मृत्युलेख छापून आला. त्यात मँटेलला झोडपलं होतं. तो ओवेननेच लिहिला, असं बहुतेक इतिहासकार मानतात. आणि मँटेलचा वाकडा झालेला कणा? तो नमुना म्हणून त्याच कॉलेजच्या संग्रहालयात जाऊन बसला, जिथे ओवेन काम करत होता.

बेलेम्नाइट या जीवाश्मावरच्या निबंधाला १८४६मध्ये रॉयल मेडल मिळालं, तेव्हाही चॅनिंग पिअर्स या हौशी संशोधकाने आधीच मांडलेल्या शोधाचा उल्लेख ओवेनने केला नव्हता. यावरून बराच गदारोळ झाला.

आता ती जळालेली हस्तलिखितं आठवा. हंटरचं श्रेय होमने लाटलं, त्याची शिक्षा बरण्या ओळखत बसून ओवेनने भोगली. चटका ज्याला बसला, त्यानेच पुढे इतरांना चटके दिले. का? लहानपणची ओढाताण, वरच्या वर्तुळात टिकून राहायची धडपड, नुसता अहंकार, काहीही म्हणा. कारण सापडलं म्हणून वागणं बरोबर ठरत नाही.

सूत्र सारखं, मग भांडण कशाचं?

१८५९मध्ये डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ आला. ओवेनने १८६०मध्ये त्यावर जहरी परीक्षण लिहिलं, तेही निनावी आणि त्यात स्वतःचं कौतुक तिसऱ्याच कुणीतरी करावं तसं करून ठेवलं! डार्विनशी मैत्री संपली. ओवेन सगळ्याच बदलाच्या विरोधात होता असं नाही. प्रजाती कुठल्यातरी निसर्गनियमाने येतात, हे त्याला मान्य होतं. पण नैसर्गिक निवड त्याला पटली नाही आणि माणूस तर त्याला वेगळाच ठेवायचा होता. माणसाच्या मेंदूतला 'हिप्पोकॅम्पस मायनर' नावाचा भाग वानरांत नसतो, असा त्याने दावा केला. थॉमस हक्स्ले आणि फ्लॉवर यांनी वानरांचे मेंदू उघडून तो भाग दाखवून दिला. ओवेनची भर चौकात फजिती झाली.

पण खरी कोंडी दातांनीच केली होती. चिंपांझी आणि ओरांगउटान यांच्या कवट्यांवर ओवेनने १८३५मध्येच लिहिलं होतं. गोरिलावर त्याने नंतर भरपूर काम केलं. या तिघांचं दंतसूत्र माहितीये? २.१.२.३. तुमचं-आमचंच. सुळे मोठे असतील, दाढा रुंद असतील, पण कुठला दात आहे आणि कुठला गेला, हा हिशेब तंतोतंत तोच. गाळलेले दातसुद्धा तेच! वेगवेगळ्या प्राण्यांतला 'एकच अवयव' कसा ओळखायचा, याची व्याख्या ओवेनने १८४३मध्ये स्वतः घालून दिली होती. त्याला या सारखेपणात एका आदर्श आराखड्याची छाप दिसली. डार्विनने त्याच सारखेपणाकडे बघितलं आणि त्याला सामाईक पूर्वज दिसला. पुरावा ओवेनने गोळा केला, अर्थ डार्विनने लावला.

सगळ्यांसाठी उघडं दार

इतकं असूनही ओवेनला खलनायक करून मोकळं होता येत नाही. कारण त्याच्या नावावर एक गोष्ट अशी आहे, जी तुम्ही लंडनला गेलात तर फुकटात बघू शकता. १८५६मध्ये तो ब्रिटिश म्युझियमच्या निसर्गविज्ञान विभागांचा प्रमुख झाला. नमुन्यांना जागा अपुरी होती. स्वतंत्र, भव्य संग्रहालय हवं, असा धोशा त्याने वर्षानुवर्षं लावला. हक्स्लेसह अनेक शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं की लोकांना निवडक वस्तू दाखवा, मुख्य साठा अभ्यासकांसाठी ठेवा. ओवेनला मात्र देवमाशापासून सगळं सामान्य माणसासमोर मांडायचं होतं. १८ एप्रिल १८८१ रोजी साउथ केन्सिंग्टनमध्ये नॅचरल हिस्टरी म्युझियमचं दार उघडलं, तेव्हा ओवेन ७६ वर्षांचा होता.

शेवटची वर्षं एकाकी गेली. कॅरोलाइन १८७३मध्ये वारली होती. एकुलत्या एक मुलाने, विल्यमने, १८८६मध्ये आत्महत्या केली. राणी व्हिक्टोरियाने राहायला दिलेल्या रिचमंड पार्कमधल्या घरात, सून आणि नातवंडांच्या सोबतीने ओवेन राहिला आणि १८ डिसेंबर १८९२ रोजी गेला. नातवाने आजोबांचं चरित्र लिहायला घेतलं, तेव्हा शास्त्रीय कामाचं मोजमाप करणारं प्रकरण कुणी लिहावं? त्याने थेट हक्स्लेला विचारलं. आयुष्यभराच्या वैऱ्याने ते लिहिलं आणि शरीररचनाशास्त्रातलं ओवेनचं मोठेपण त्यात मान्य केलं. जे ओवेनला मँटेलसाठी जमलं नाही, ते हक्स्लेला ओवेनसाठी जमलं.

संग्रहालयाच्या मुख्य जिन्यावर अनेक वर्षं ओवेनचा पुतळा होता. डार्विनच्या जन्माच्या द्विशताब्दीच्या निमित्ताने तिथे डार्विन आला आणि ओवेनला दुसरीकडे हलवलं. यावर हसावं की हळहळावं, ते तुम्ही ठरवा. पण पुढच्या वेळी डेंटिस्ट तुमच्या उपदाढेकडे बोट दाखवेल, तेव्हा तिला नाव कुणी दिलं ते तुम्हाला माहीत असेल. आणि सबमिशनच्या शेवटच्या पानावर नावं लिहाल, तेव्हा पॅजेटसारखं काम करणाऱ्या मित्राचं नाव आधी लिहा. दात गेला तरी त्याचा क्रमांक राखून ठेवायचा, हे ओवेननेच शिकवलंय. माणसांच्या बाबतीत ते आपण करू.